पेट्रोल जास्त की हवा कमी?

मित्रांनो, तासगाव तालुक्यातल्या एका द्राक्षबागेच्या कडेला पत्र्याचं छप्पर आहे. त्या छपराखाली चार जाड, बुटक्या चाकांची एक गाडी उभी असते. तिला मोटरसायकलसारखं हॅण्डल आहे. घोड्यावर बसतात तसं दोन्ही बाजूंना पाय टाकून तिच्यावर बसावं लागतं. पहिल्यांदा पाहणारा माणूस तिच्याकडे बघून हसतोच. ती मी. कागदावर माझं नाव एटीव्ही आहे. म्हणजे माती असो, खडी असो, चिखल असो, कुठेही चालणारी गाडी. पण इथे मला त्या नावाने कोणी ओळखत नाही. पुढचे दोन दिवे वटारून मी अंग चोरून बसलेली दिसते, म्हणून सगळे मला बेडकी म्हणतात.

माझी गोष्ट मी तुम्हाला सांगणार आहे खरी, पण एक आधीच कबूल करते. या गोष्टीतला बराचसा काळ मी गोंधळलेली होते. मला काय होतंय ते मला कळत नव्हतं, आणि माझ्याभोवती पाने-पक्कड घेऊन बसणाऱ्यांनाही कळत नव्हतं. तेव्हा तुम्हीही मध्येच गोंधळलात तर वाईट वाटून घेऊ नका.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. लाकडी खोक्यातला अंधार आठवतो, आणि खोकं उघडल्यावर आत आलेली थंडगार हवा आठवते. ती पाचगणीची हवा होती. तिथे एका मोकळ्या माळावर माझा मालक पर्यटकांना फेऱ्या मारायला गाड्या द्यायचा. लाल रंगाची, नवी कोरी मी रांगेत पहिली उभी असायची. मुलं धावत येऊन आधी माझ्यावरच चढायची. आयांना भीती वाटायची, मुलांना वाटायची नाही. दिवसभर फेऱ्या, फोटो आणि हसणं. एवढं कौतुक मला पुढे कधी मिळालं नाही, आणि तेव्हा ते कौतुक आहे हे मला कळलंही नाही.

आता पुढचं समजायला हवं असेल, तर माझ्या छातीत काय आहे ते सांगावं लागेल. तिथे मुठीएवढं एक भांडं आहे. त्याला कार्ब्युरेटर म्हणतात. एका बाजूने त्यात हवा येते, दुसरीकडून पेट्रोलचे बारीक थेंब येतात. दोन्ही मिसळून इंजिनात जातात आणि तिथे पेट घेतात. तुमच्यापैकी कोणी चुलीपुढे बसलं असेल तर हे लगेच कळेल. चुलीत लाकडं कोंबली आणि वारा मिळाला नाही की नुसता धूर होतो. लाकडं थोडी आणि वारा भरपूर असला की जाळ भडकतो, पण भाकरी करपते. माझंही तसंच आहे. पेट्रोल जास्त झालं की मी काळा धूर सोडते आणि जड होते. पेट्रोल कमी पडलं की मी तापते आणि फटफट आवाज काढते.

हे प्रमाण ठरवायला माझ्याजवळ दोन गोष्टी आहेत. एक जेट, म्हणजे बारीक भोक पाडलेला पितळेचा तुकडा. भोक मोठं असेल तर पेट्रोल जास्त येतं. दुसरा एक छोटा स्क्रू. तो बाहेर सोडला की पेट्रोल थोडं वाढतं, आत आवळला की कमी होतं. आणि प्रमाण बरोबर आहे की नाही हे इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या माझ्या प्लगवर दिसतं. डॉक्टर तुमची जीभ बघतात ना, तसा शहाणा मिस्त्री माझा प्लग काढून बघतो. काळाकुट्ट असेल तर पेट्रोल जास्त, पांढराफटक असेल तर पेट्रोल कमी, आणि भाजलेल्या बिस्किटासारखा तपकिरी असेल तर सगळं ठीक.

डोंगरावर हवा विरळ असते. म्हणून पाचगणीच्या मिस्त्रीने माझा जेट काढून बारीक भोकाचा बसवला होता. थोडी हवा, थोडं पेट्रोल. हिशोब जमला होता आणि मी मजेत होते.

मग नव्या गाड्या आल्या. त्या जास्त चकचकीत होत्या, त्यांना पुढे मोठाले दिवे होते. मी रांगेत दुसरी झाले, मग शेवटची, आणि एका हंगामात रांगेतच नव्हते. एका शेडच्या मागे मला ताडपत्रीखाली ठेवलं. माझ्या सीटवर कोंबड्या बसायच्या. दोन पावसाळे असेच गेले. पाऊस ताडपत्रीवर पडताना ऐकायचा आणि वाट बघायची, एवढंच काम होतं. कशाची वाट बघतेय, हेही नीट माहीत नव्हतं.

एका उन्हाळ्यात ताडपत्री कोणीतरी उचलली, आणि काठी टेकत एक ताठ म्हातारा माझ्यापुढे उभा राहिला. त्यांचं नाव नानासो. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, तासगावकडचे द्राक्षबागायतदार. त्यांच्याबरोबर त्यांची बायको विजयमालाकाकी होती आणि अमृत नावाचा पुतण्या होता.

नानांना माझ्यासारखी जुनी गाडी कशाला हवी होती? त्याचं कारण त्यांचा डावा गुडघा. दोन वर्षांपूर्वी बागेतच घसरून पडले, मिरजेच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, पण गुडघा पूर्वीसारखा वाकेना. डॉक्टरांनी बागेच्या भुसभुशीत मातीत चालायला सक्त मनाई केली. ट्रॅक्टरवर चढता येईना, त्याचा क्लच दाबता येईना. मोटरसायकल ओळींच्या मातीत रुतायची. माझं मात्र उजव्या अंगठ्याने काम चालतं. अंगठा दाबला की मी पुढे, सोडला की हळू. क्लच दाबायची गरज नाही. नानांनी माझ्यावर बसून त्या शेडभोवती एक फेरी मारली आणि उतरताना काकींना म्हणाले, "ही घ्यायची. आता बाग मला बांधावरनं बघाय नको."

 काकींनी पदराने माझ्या सीटवरची कोंबड्यांची घाण पुसली.

टेम्पोत बसून मी डोंगर उतरले. खाली आल्यावर माझं बिनसलं. मी तापू लागले, अंगठा सोडला की फटफट वाजू लागले. मला वाटलं, मी म्हातारी झाले. किंवा मला पाचगणीची आठवण येतेय. खरं कारण साधं होतं. खाली हवा दाट, आणि माझा जेट मात्र अजून डोंगरावरचा. तासगावच्या एका मिस्त्रीने प्लग बघितला, तो खडूसारखा पांढरा होता. त्याने मोठ्या भोकाचा जेट बसवला, स्क्रू जरा बाहेर सोडला, आणि मी पुन्हा गुणगुणू लागले. जाताजाता त्याने काकींना माझ्या टाकीखालचं काळं नळकांडं दाखवलं. म्हणाला, गाडी इथून श्वास घेते, इथे धूळ जाऊ देऊ नका.

मित्रांनो, हे वाक्य लक्षात ठेवा. काकींनी ते फारच मनावर घेतलं.

तो पावसाळा आणि त्यानंतरची छाटणी छान गेली. माझ्यामागे एक छोटी ट्रॉली जोडली होती. सकाळी नाना माझ्यावर बसून ओळी-ओळींतून फिरायचे. कोणत्या वेलीची काडी बारीक आहे, कुठे पानावर डाग आहे, हे खाली न उतरता बघायचे. दोन वर्षं बांधावर खुर्ची टाकून बसलेला माणूस पुन्हा आपल्या वेलींना हात लावत होता. मजुरांना आधी बरं वाटलं, मग नाना प्रत्येक ओळीत येऊन चुका काढायला लागल्यावर थोडं कमी बरं वाटलं.

मग डिसेंबर आला. द्राक्षांवर भुरी नावाचा रोग पडतो, पांढरट बुरशीसारखा. तो पडू नये म्हणून गंधकाची पिवळी भुकटी उडवतात. ती भल्या सकाळी उडवायची, पानांवर दव असताना, म्हणजे चिकटून राहते. ट्रॉलीत भुकटी उडवण्याचं यंत्र ठेवलं, काकी त्याच्याजवळ बसल्या आणि नाना माझ्यावर. बागेत गंधक उडवताना सगळेच नाकातोंडाला फडकं बांधतात. पहिल्या दिवशी काकींनी नानांच्या तोंडाला फडकं बांधलं, स्वतःच्या बांधलं, मग माझ्याकडे बघितलं. घरात जाऊन एका जुन्या सुती साडीचा तुकडा आणला, त्याची चौघडी केली आणि माझ्या त्या काळ्या नळकांड्यावर सुतळीने घट्ट बांधली.

"आपल्याला बांधायचं, मग तिला का न्हाई?" त्या म्हणाल्या. "ती काय मानूस न्हाई म्हणून?"

मला किती बरं वाटलं, काय सांगू. आजवर माझ्यावर बसणारे पुष्कळ भेटले होते. माझ्या नाकाची काळजी करणारं कोणी भेटलं नव्हतं.

आणि त्याच सकाळी, सातव्या ओळीत, माझा दम कोंडला.

अंगठा दाबावा तसा मी पुढे जायचा प्रयत्न करायची, पण छाती भरून यायची. मागून काळा धूर, पेट्रोलचा उग्र वास. कशीबशी ओळ संपवली. दुसऱ्या दिवशी अमृतने मोबाइलवर एक व्हिडिओ लावला. त्यातला माणूस कुठल्या तरी दुसऱ्याच गाडीचा स्क्रू फिरवत होता. अमृतने माझा फिरवला. किती फिरवला ते मोजलं नाही. मग तासगावचा मिस्त्री आला, त्याने तो पुन्हा वेगळा फिरवला. त्यानेही मोजलं नाही. मी आज एक होते, उद्या दुसरीच. माझी खरी जागा कोणती, हे मीच विसरून गेले.

इथे तुम्हाला एक गंमत सांगायला हवी, जी तेव्हा कोणाच्याच ध्यानात आली नाही. मुलाला डॉक्टरांकडे नेताना आई काय करते? तोंड धुते, केस विंचरते, पावडर लावते. काकींनी माझ्याशी तेच केलं. मिस्त्री येणार असा फोन आला की त्या आधी पाइपाने मला धुवायच्या, आणि ते दवाने भिजलेलं, गंधकाने पिवळं झालेलं फडकं सोडून, साबण लावून तारेवर वाळत घालायच्या. परक्या माणसासमोर असलं कळकट फडकं दिसणं त्यांना बरं वाटायचं नाही. त्यामुळे मिस्त्री दुपारी येई तेव्हा मी नाक मोकळं, चकचकीत, शहाण्यासारखी चालायची. सकाळी बागेत जाताना मात्र फडकं पुन्हा बांधलेलं असायचं. मिस्त्री एका गाडीला दुरुस्त करायचा आणि नाना दुसऱ्याच गाडीवर बसायचे. आणि त्या दोन्ही गाड्या मीच.

मग तो वाईट दिवस उजाडला. दाट धुकं होतं, फडकं निथळत होतं. अकराव्या ओळीच्या मधोमध मी बंद पडले. नानांनी पुन्हा पुन्हा बटण दाबलं. काकींनी मला ढकलून बघितलं, पण भुसभुशीत मातीत चाकं रुतली होती. शेवटी अमृत आला. नानांना चालू देणं शक्य नव्हतं, म्हणून त्याने त्यांना पाठुंगळी घेतलं. घडांची विरळणी करणाऱ्या बायका ओळीत उभ्या होत्या. त्यांतल्या रंगुबाई सहज बोलून गेल्या, "नाना, आज नवरदेवागत निघालासा."

सगळ्या हसल्या. नानाही हसले. पण त्यांचे हात अमृतच्या खांद्यावर कसे आवळलेले होते ते मी पाहिलं.

त्या दुपारी छपरापुढे खाट टाकून नाना बसले होते. मग त्यांनी अमृतला बोलावलं. आवाज चढवला नाही.

"संक्रांतीपातुर बघतो," ते म्हणाले. "तवर ही गाडी सरळ चालली न्हाई, तर बाग तू खंडानं कर, वर्साला ठरलेले पैसे मला दे. मी परत पाठुंगळीनं यायचा न्हाई."

 अमृत मेहनती होता, ही बाग आपल्याकडे यावी असं त्याला कधीतरी वाटलं असेलही. पण तो म्हणाला, "मला नको असं न्हाई, नाना. पर अशी नको."

काकी दारात उभ्या होत्या. त्या आत गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी फडक्याची आणखी एक घडी वाढवली. बिचाऱ्यांना वाटलं, एवढी धूळ आत जाते म्हणूनच ही बंद पडते.

मित्रांनो, मला बोलता येत असतं तर मी तेव्हा काय सांगितलं असतं? खरं सांगते, काहीच नाही. कारण मलाही कळत नव्हतं. ते फडकं बांधलं जायचं तेव्हा मला माया वाटायची. जिथून माया येते तिथूनच दम कोंडतो, हे माझ्या डोक्यात बसतच नव्हतं.

अमृतनेच मिरजेच्या इलियास मिस्त्रींचं नाव काढलं. इलियासभाईंच्या घरात तंबोरे बनवायचं काम. भाऊ, चुलते सगळे त्यातच. हे एकटेच इंजिनाकडे वळले, पण कान मात्र घरचाच घेऊन आले. ते आले तेव्हा त्यांनी आधी हत्यारांची पिशवी उघडलीच नाही. मला सुरू केलं, डोळे मिटले आणि नुसतं ऐकलं. मग प्लग काढून बघितला, तो काळा होता. स्क्रू नखाएवढा फिरवला, पुन्हा ऐकलं. पुन्हा नखाएवढा. एवढ्या हळुवारपणे मला कोणी हात लावला नव्हता. अर्ध्या तासात मी अशी चालू लागले की काकींनी चहाबरोबर त्यांना बेदाणेही बांधून दिले.

फडकं तेव्हा तारेवर वाळत होतं.

दुसऱ्या सकाळी चौथ्या ओळीत मी पुन्हा धूर ओकू लागले. नानांनी फोन केला. इलियासभाई म्हणाले, स्क्रू अर्धा आटा, म्हणजे अर्धा फेरा, आत घ्या. अमृतने घेतला. सकाळी थोडं बरं वाटलं. पण दुपारी नाना मला घेऊन सहज रस्त्यापर्यंत गेले, तेव्हा गंधकाचं काम नव्हतं म्हणून फडकंही नव्हतं आणि पेट्रोल मात्र कमी केलेलं. मी रस्ताभर फटफटत, तापत गेले. इलियासभाई पुन्हा आले. अर्थात फोन करून आले, त्यामुळे मी पुन्हा धुऊनपुसून तयार होते. त्यांनी प्लग काढला आणि बघतच राहिले.

"गेल्या खेपेला काळा, आज पांढरा," ते म्हणाले. "नाना, ही बेडकी हाय का सरडा?"

नाना हसले नाहीत. संक्रांत आठ दिवसांवर होती. त्यांनी इलियासभाईंना सगळं सांगितलं, पाठुंगळीचं सोडून. पण ते अमृतने आधीच सांगितलेलं होतं. इलियासभाईंनी माझी जुळणी पुन्हा केली, मजुरी घेतली नाही आणि निघून गेले. जाताना त्यांचा चेहरा माझ्यासारखाच झाला होता. गोंधळलेला.

भोगीच्या आदल्या दिवशी अजून नीट उजाडलंही नव्हतं. काकींनी आमच्या तिघांची तोंडं बांधली, म्हणजे नानांचं, त्यांचं आणि माझं. आम्ही बागेत शिरलो. तिसऱ्या ओळीतच मी गुरगुरायला लागले. तेवढ्यात ओळीच्या तोंडाशी धुक्यातून कोणीतरी चालत येताना दिसलं. मफलर गुंडाळलेला, खांद्याला पिशवी. इलियासभाई पहिल्या एसटीने आले होते. या वेळी त्यांनी फोन केला नव्हता.

ते जवळ आले, नानांना हाताने थांबू नका अशी खूण केली आणि माझ्या बाजूने चालत राहिले. डोळे मिटायची गरज पडली नाही. त्यांची नजर माझ्या टाकीखाली गेली आणि तिथेच थांबली. त्यांनी वाकून सुतळी सोडली. फडकं खाली पडलं.

माझी छाती अशी उघडली, मित्रांनो, की मी जागच्या जागी उसळले. नानांनी घाबरून अंगठा सोडला. धूर विरत गेला. बागेत एकदम शांत वाटलं, फक्त मी स्वच्छ आवाजात धडधडत होते.

काकी ट्रॉलीतून उतरल्या. ओल्या मातीत पडलेल्या त्या फडक्याकडे त्यांनी बघितलं, मग माझ्याकडे, मग नानांकडे.

"म्हंजे हे मीच केलं," त्या म्हणाल्या. "दीड म्हयना."

 काय बोलावं हे नानांना कळेना. ज्या बाईने रोज पहाटे उठून आपल्यासाठी फडकी बांधली, तिला काय म्हणायचं? आणि त्या दीड महिन्यात आपण काय काय भोगलं, ते तरी कसं विसरायचं? फौजेत याचं उत्तर शिकवलेलं नव्हतं. 

बोलले ते इलियासभाई. त्यांनी ते फडकं उचललं, झटकलं आणि काकींच्या हातात दिलं.

"वैनी, हिला फडकं लागतंच," ते म्हणाले. "पर ते आत हाय. कंपनीनंच घातलंय. ते मी पैल्याच दिवशी उघडून बघाय पायजे व्हतं. गाडी गोड चालली म्हणून मी स्क्रूतच रमलो. चूक दोघांत वाटून घेऊ."

त्यांनी माझी सीट काढली, एक झाकण उघडलं आणि आतून स्पंजासारखा एक तुकडा बाहेर काढला. त्याला फोमचा फिल्टर म्हणतात. तो हवा येऊ देतो आणि धूळ धरून ठेवतो. पाचगणीपासून आजवर तो कोणी धुतलाच नव्हता. तरी तो वाटला होता तेवढा घाण निघाला नाही. काकींच्या फडक्याने धूळ खरोखरच अडवली होती. धुळीबरोबर हवाही अडवली, एवढंच.

त्या सकाळी गंधक उडवायचं राहिलं. इलियासभाईंनी काकींनाच पुढे बसवलं आणि एकेक गोष्ट त्यांच्याकडून करून घेतली. फोम साबणाच्या कोमट पाण्यात दाबून दाबून धुवायचा. पिळायचा नाही, पिळला तर फाटतो. सावलीत वाळवायचा. पूर्ण वाळला की त्याला तेल चोळायचं, म्हणजे धूळ चिकटून राहते. तो आत बसवून झाल्यावरच स्क्रूला हात लावला. आधी स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत घेतला, आणि आत घेताना किती आटे फिरला ते काकींनी मोठ्याने मोजलं. अमृतने ते वहीच्या पानावर लिहिलं. मग एकेक पाव आटा बाहेर. प्रत्येक वेळी नाना मला बांधापर्यंत न्यायचे आणि परत आणायचे. प्रत्येक वेळी इंजिन बंद करून, गार होऊ देऊन प्लग बघायचा. घाई केली तर हात भाजतो. एका वेळी एकच बदल. दुसरा बदल करायचा तर आधी पहिल्याचं काय झालं ते बघायचं.

पाचव्या खेपेला इलियासभाईंनी प्लग काकींपुढे धरला. तो बिस्किटासारखा तपकिरी होता. काकींनी तो दोन्ही बाजूंनी बघितला आणि विचारलं, "ह्योच का?"

"ह्योच," इलियासभाई म्हणाले.

पण खरी परीक्षा दुसऱ्या सकाळी होती. भोगीचा दिवस. धुकं आदल्या दिवसापेक्षा दाट. काकींनी नानांचं तोंड बांधलं, आपलं बांधलं. माझ्याकडे बघून त्यांचा हात जरासा हलला आणि परत मागे गेला. मी सुरू झाले. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. अमृत बांधावर येऊन उभा होता. सातवी ओळ गेली. अकरावी आली. ओळीच्या मधोमध नानांचा अंगठा क्षणभर सैल पडला. त्यांना भीती वाटत होती, हे मला त्या अंगठ्यावरून कळलं. मलाही वाटत होती. मग त्यांनी अंगठा दाबला. मी पुढे गेले. ओळ संपली, आम्ही वळलो, आणि न थांबता बाराव्या ओळीत शिरलो.

बावीस ओळी झाल्या तेव्हा धुकं वितळत आलं होतं. नानांनी बांधाजवळ मला थांबवलं. नाकावरचं फडकं खाली ओढलं. भुवयांवर पिवळा गंधक बसला होता.

"अमृत," ते म्हणाले, "खंडाचं बोललो व्हतो ते ऱ्हाऊ दे. पर तू रोज येत जा. ओळी बघाय शिक. मी काय कायमचा न्हाई."

अमृतने मान हलवली. मग नानांनी काकींना हात देऊन ट्रॉलीतून उतरवलं. खरं म्हणजे गुडघ्यामुळे त्यांनाच आधार लागतो, पण हात त्यांनी दिला. आदल्या दिवशी जे बोलता आलं नव्हतं, ते त्यात होतं की काय, कोण जाणे. मी यंत्र आहे. माणसांचं सगळंच मला कळतं असं नाही.

आता थोडं तुमच्याशी. तुमच्याजवळही काही ना काही वस्तू असतील. सायकल असेल, पंखा असेल, आजोबांचा रेडिओ असेल. ती बिघडली तर लगेच स्क्रू फिरवायला जाऊ नका. आधी ती कशी होती ते मोजा, लिहा, मग हात लावा. दुरुस्त करणारा आला तर तिला सजवून पुढे ठेवू नका. जशी रोज वापरता तशीच दाखवा, कळकट असली तरी. आणि कोणाला दम लागत असेल, तर त्याला जास्त काय द्यायचं हे ठरवण्याआधी, त्याचं काय अडलंय ते बघा. मला हे सगळं फार उशिरा कळलं. अजूनही कधी कधी थंड सकाळी नाकाशी ते सुती फडकं नाही म्हणून चुकल्यासारखं वाटतं. असं का वाटावं, ते मला सांगता येत नाही.

दर रविवारी काकी घमेल्यात साबणाचं पाणी घेऊन माझ्याजवळ बसतात. माझी सीट बाजूला असते, झाकण उघडं असतं, आणि धुतलेला फोम सावलीत वाळत असतो. नानांना बागेत जायची घाई असते. ते खाटेवरून दोनदा तरी विचारतात, झालं का म्हणून. काकी वर बघत नाहीत.

"वाळू द्या की जरा," त्या म्हणतात.

आणि नाना थांबतात.